पुदिना कुणालाबी येतो

मंचरच्या बाजारात माझा अपमान झाला तो दहा रुपयांत. म्हणजे अपमान फुकटच होता, दहा रुपये पुदिन्याच्या जुडीचे होते.

भोसरीच्या एका कंपनीत २८ वर्षं स्टोअर सांभाळून, स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी गावी परतलो, त्याला जेमतेम महिना झाला होता. बायकोला हिरवी चटणी करायची होती. बाजारात एक आजी पोतं अंथरून बसली होती. समोर मेथी, शेपू, चुका आणि कडेला ओल्या फडक्याखाली झाकलेला पुदिना. मी जुडी उचलून नाकाशी धरली. (जुडी हुंगणारं गिऱ्हाईक पुण्याचं असतं आणि देठ मोडून बघणारं गावातलं, हा फरक मला तेव्हा माहीत नव्हता.)

"कुठलं गाव?" आजीनं विचारलं.

मी गाव सांगितलं.

"म्हंजी घोडनदीच्या काठावरलं?"

"हो, अगदी काठावर." माझा आवाज थोडा चढलाच.

"जमीन हाये?"

"आहे की. पाच एकर. दादा बघतो."

"आन् पाणी?"

"बारमाही. खाली बंधाराच आहे."

आजीनं जुडी माझ्या पिशवीत टाकली, दहाची नोट कपाळाला लावली आणि शेजारच्या मिरचीवालीकडे वळून म्हणाली, "ऐकलं का गं? नदीचा काठ, पाच एकर रान, बारमाही पाणी, आन् बाबा पुदिना इकत नेतोय!"

मिरचीवाली पदर तोंडाला लावून हसली. तिच्या पलीकडचा लसूणवालाही हसला. त्याला विषय माहीत नव्हता, पण बाजारात कोण कशाला हसतंय याची चौकशी करत बसलं तर धंदा होत नाही.

"घरी लावा की," आजी म्हणाली. "पुदिना काय, कुणालाबी येतो."

आता हे वाक्य पुण्यात कुणी बोललं असतं तर मी मनावर घेतलं नसतं. पण आमच्या जुन्नर-आंबेगावात दोन माणसं भेटली की एकमेकांची तब्येत विचारत नाहीत, "काय लावलंय?" असं विचारतात. नारायणगावकडचा टोमॅटो म्हणतो, सातगाव पठारावरचा बटाटा म्हणतो, जुन्नरकडचा द्राक्षं म्हणतो. कांदा कुणी वेगळा सांगत नाही, तो धरलेलाच असतो. मला महिनाभर सगळे विचारत होते, "साहेब, काय लावलंय?" आणि मी म्हणत होतो, "सध्या बघतोय." 'बघतोय' हे पीक आमच्याकडे फक्त पेन्शनवाले घेतात.

शिवाय पाण्याचं निमित्त सांगायलाही मला जागा नव्हती. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला, आहुपे-भीमाशंकरच्या अंगाला, पावसाळ्यात छत्री उघडून उपयोग नसतो; आणि पूर्वेला लोणी-धामणीकडे पावसाळ्यातही ती मिटलेलीच असते. आमचं गाव मधोमध. खुद्द ज्या आंबेगावावरून तालुक्याचं नाव पडलं ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा कचेरी घोडेगावात, बाजार मंचरात आणि मूळ गाव पाण्यात, असा आमचा संसार आहे. अशा तालुक्यात राहून ज्याला ओलाव्यात वाढणारी चार बोटांची वनस्पती येत नाही, त्यानं कुठं जावं?

घरी येताच मी जुडीतल्या चार बऱ्या काड्या बाजूला काढल्या. खालची पानं खुडली आणि काड्या पाण्याच्या ग्लासात उभ्या करून ग्लास खिडकीत ठेवला. सहाव्या दिवशी तो उजेडाकडे धरून बघतो तो काय, पेराशी दोऱ्यासारखं पांढरंशुभ्र मूळ! मी घरभर ओरडलो. आई पोथी मिटून, काठी टेकत आली. ग्लासात वाकून पाहिलं. म्हणाली, "हा माझ्या चहाचा ग्लास आहे."

मुळ्या फुटल्यावर काड्या कुंडीत गेल्या आणि इथून सल्ल्याला सुरुवात झाली.

शेजारचे तात्या कांदेवाले. त्यांनी कुंडीत बोट खुपसून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, पाणी तोडा. पाणी जास्त झालं की सडतो." चुलतचुलते आप्पा द्राक्षवाले. ते म्हणाले, "छाटणी घ्या. छाटणीशिवाय फूट नाही." माझा एक वर्गमित्र कोंबड्या पाळतो. त्यानं काही न विचारता घमेलंभर कोंबडीखत आणून कुंडीत ओतलं, ताजं, वाफाळतं. तिसऱ्या दिवशी चारातल्या दोन काड्या काळ्या पडल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सल्ला मागितल्यावर माणूस आपल्याच पिकाचा सल्ला देतो. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आले होते, ते म्हणाले, "ठेव पावसाळ्यापर्यंत, दामदुप्पट होईल."

शेवटी मी रीतसर कृषी सेवा केंद्रात गेलो.

"पुदिना आहे," मी म्हणालो. "जोम धरत नाही."

"किती क्षेत्र?" दुकानदारानं वही उघडली.

"एक."

"एकर?"

"कुंडी."

चांगला दुकानदार कधी हसत नाही. त्यानं शांतपणे वही मिटली आणि म्हणाला, "हरकत नाही, डोस कमी करू." मग एकोणीस-एकोणीस-एकोणीसची पुडी, ह्युमिकची बाटली, निंबोळी अर्क, कोकोपीटची वीट आणि सावलीसाठी शेडनेटचा दोन मीटर तुकडा असं सामान निघालं. बिल झालं ७४० रुपये. म्हणजे आजीकडच्या ७४ जुड्या. एवढा पुदिना खाल्ला असता तर माझं उरलेलं आयुष्य अजीर्णाशिवाय गेलं असतं.

पाण्यासाठी मी दादाच्या ठिबकच्या लाईनीतून एक नळी कुंडीपर्यंत ओढली.

"अरे, तांब्याभर पाणी घाल की हातानं," दादा म्हणाला.

"शिस्त पाहिजे, दादा."

शिस्तीत एक अडचण होती. दादाची मोटर चालणार शेतीच्या लाइटीवर आणि त्या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची लाईट होती. तेव्हा अख्खा गाव ज्या वेळी कांद्याला पाणी धरत होता, त्या वेळी, म्हणजे रात्री एकच्या सुमारास, मी उठून एका कुंडीवर पाणी पडतंय का ते बघायला परसात जाऊ लागलो.

रात्री परसात जाणं ही आमच्याकडे चेष्टेची गोष्ट नाही. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणं झाली, कालवे आले, कालव्यांमागून ऊस आला आणि उसालाच जंगल समजून बिबटे आले. आताच्या बिबट्यांतले कैक उसातच जन्मले. त्यांनी जंगल पाहिलेलं नाही, जशी माझ्या मुलीनं म्हैस पाहिलेली नाही. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. पण रात्री एक वाजता समोर येणारा बिबट्या तिथला की मोकळा, हे विचारायची सोय नसते. म्हणून पाणी धरायला जाणारी माणसं हातात बॅटरी-काठी ठेवतात, मोठ्यानं बोलतात, मोबाईलवर गाणी लावतात. मी मोबाईलवर तमाशातली बतावणी लावायचो. नारायणगाव, म्हणजे तमाशाची पंढरी, हाकेच्या अंतरावर. तेव्हा बिबट्यालाही ती ओळखीची असणार, असा माझा हिशोब. मावशीचे आणि सोंगाड्याचे संवाद रात्री परसात घुमायचे. तिसऱ्या रात्री आई आतून बायकोला म्हणाली ते मी ऐकलं, "कंपनीनं याला उगाच नाही सोडला."

चौथ्या रात्री कुंडीत दोन डोळे चमकले.

मी बॅटरी टाकली, काठी टाकली, मोबाईल टाकला आणि पाण्याच्या टाकीवर चढलो. टाकी सहा फूट उंच आहे, शिडी नाही. दिवसा मला तिच्यावर चढता येत नाही. मोबाईलवर सोंगाडी "आता गं बया!" म्हणून ओरडत होता. दादा कुऱ्हाड घेऊन धावत आला, तात्या दोन माणसं घेऊन आले, बॅटऱ्यांचे चार झोत कुंडीवर पडले.

कुंडीत आमची मांजर बसली होती. कोकोपीटच्या ऊबदार, मऊ, ७४० रुपयांच्या गादीवर अंगाचं वेटोळं करून. शेडनेटमुळे वरून दव लागत नव्हतं. गेले पंधरा दिवस ती तिथंच झोपत असणार, कारण उरलेल्या दोन काड्या तिच्या पोटाच्या आकारात चपट्या झाल्या होत्या.

"साहेब," तात्या वर बघत म्हणाले, "पुदिन्याला राखण चांगली ठेवलीय."

सकाळी आईनं ती कुंडी उचलली आणि मोरीच्या मागं उपडी केली. मीही विषय बंद केला.

इथं आमची मोरी सांगायला हवी. न्हाणीघराचं पाणी भिंतीतल्या भोकातून मागं येतं आणि एका खोलगट जागेत जिरतं. तिथं एक केळ आहे, थोडी कर्दळ आहे आणि बाकी सगळा आईचा अळू. काळ्या देठाचा, पराती­एवढ्या पानांचा. लग्नात ती ओतूरकडच्या माहेराहून चार कांदे पदराला बांधून घेऊन आली, त्याला ५५ वर्षं झाली. श्रावणात वड्या, गणपतीत फदफदं, पितरांना पुन्हा वड्या. ती मोरी म्हणजे तिचं संस्थान. आम्ही भावंडं चुकूनही तिकडं चेंडू मारत नव्हतो.

दिवाळीला मी पणती ठेवायला मागं गेलो. खाली वाकलो आणि वास आला. चटणीचा.

बॅटरी आणून बघितलं तर अळवाच्या पानांखाली, सावलीत, चिखलात, हिरवागार पुदिना दाटून बसलेला. ना ह्युमिक, ना एकोणीस-एकोणीस. साबणाचं पाणी पिऊन. मी गुडघ्यावर बसलो आणि एक फांदी धरून हळूहळू ओढत गेलो. चौकोनी दांडा, बोटांत फिरवला की चार कडा लागतात. तुळशीच्या कुळातली ती खूण. तो दांडा जमिनीला टेकला होता, तिथून पुढं मातीखाली पांढरा, बुटाच्या नाडीएवढा जाड होऊन धावत सुटला होता. दर दोन बोटांवर पेर, दर पेराला खाली मुळ्यांचा झुपका आणि वर कोंब. मी ओढत गेलो तो कपडे धुण्याच्या दगडाशी पोचलो. दगडाखाली गेला होता. पलीकडून बघितलं तर बाहेर निघाला होता.

त्या रात्री मी तात्यांच्या दारावरून मुद्दाम दोनदा गेलो. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "काय साहेब, काय लावलंय?"

"पुदिना," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी या प्रश्नाला पिकाचं नाव सांगितलं.

आनंद टिकला तो तुळशीच्या लग्नापर्यंत.

"तुझं ते कार्टं माझ्या अळवात घुसलंय," आई म्हणाली.

"आई, अळूही पसरतोच की. तात्यांच्या भिंतीपलीकडं गेलाय तुझा."

"तो वाढतो," आई म्हणाली. "घुसत नाही."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. आपलं पसरतं ती वाढ आणि दुसऱ्याचं पसरतं ती घुसखोरी, हे मी भोसरीत स्टोअरच्या रॅकवरून २८ वर्षं ऐकत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी ती खुरपं घेऊन बसली आणि दोन तासांत तिनं सगळा पुदिना खापलून काढला. बारीक तुकडे केले, पायानं तुडवले, वर पाणी ओतलं आणि हात झटकले. पुदिना संपावा असं ज्याला वाटतं त्यानं हे एवढं तरी करू नये. एक पेर आणि चिमूटभर मुळी असली की त्याचं नवं झाड होतं. बाराबंकीकडचे शेतकरी असेच मुळकांड्यांचे तुकडे करून लागवड करतात. आईनं एका पुदिन्याचे शंभर केले आणि वर पाणीही घातलं. पंधरा दिवसांनी मोरीकडं बघून ती बराच वेळ गप्प उभी राहिली. मग म्हणाली, "हा तुझ्या वडिलांसारखा आहे. बोललं की वाढतो."

बाराबंकी हे नाव मला मोबाईलमुळे कळलं. उत्तर प्रदेशात त्या बाजूला मेंथ्याची शेतंच्या शेतं आहेत, तेल काढतात आणि त्या तेलाचे सोन्याचांदीसारखे वायदे होतात, हे ऐकल्यावर मला झोप लागेना. लग्नपत्रिकेच्या मागं हिशोब मांडला. मोरीमागं वीस चौरस फूट, त्यातून एवढा पुदिना. गुंठ्यात किती, एकरात किती, त्याचं तेल किती. पत्रिका संपली तेव्हा मी पुण्यात फ्लॅट घेत होतो. बाराबंकीचा मेंथा वेगळ्या जातीचा, मेंथॉलनं भरलेला, आणि आपला चटणीचा, त्यात ते बेताचंच, ही बारीकशी गोष्ट मुलीनं सांगितली. ती पुण्यात शिकते आणि माझ्या आनंदावर विरजण घालायचं काम फोनवरून करते.

तिनंच मला सांगितलं की पुदिना थंड नसतोच. "बाबा, मेंथॉलमुळे तोंडातली थंडी ओळखणारी यंत्रणा उगाच जागी होते. मेंदूला वाटतं, गार लागलं. मिरचीचं उलटं. ती उष्णता ओळखणारी यंत्रणा जागी करते. ह्या शोधांवर २०२१चं नोबेल मिळालंय, डेव्हिड ज्युलियस आणि पॅटापूटियन यांना."

"म्हणजे पुदिना अफवा पसरवतो?"

"तोंडात. बाकीच्या तुम्ही पसरवताय."

हे तिनं का म्हटलं, ते सांगतो. बाराबंकीचा हिशोब मी पारावर बोलून बसलो होतो. आमच्याकडे 'दर' हा शब्द कानावर पडला की माणसाचं ऐकणं थांबतं आणि नांगर चालू होतो. २०२३च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरी ओलांडून गेला, तेव्हा ज्याच्या रानात तो होता त्याच्या दारात गाड्या आल्या. मग ज्याच्या रानात नव्हता त्यानंही लावला आणि दोन महिन्यांत तोच टोमॅटो कुणी विचारीना. हे सगळ्यांना पाठ आहे. तरी मी "पुदिन्याला म्हणे..." एवढंच म्हटलं आणि संध्याकाळी सहा जण बेणं मागायला आले. मी मोठ्या मनानं दिलं. आठवड्यात गावातल्या सहा मोऱ्यांमागं पुदिना गेला. महिन्यानं त्याच सहा जणांच्या बायका जुड्या घेऊन आमच्या दारात उभ्या. "वहिनी, तुमच्याकडे पुदिना लागत असंल तर घ्या." ज्याला त्याला पुदिना द्यायचा होता आणि घेणारं कोण, तर पाहुणा. गावात पाहुणा आला की त्याची पिशवी जाताना फुगलेली असायची. आमच्या एसटीला पुदिन्याचा वास येतो, असं एक कंडक्टर म्हणाल्याचं मी ऐकलंय.

मी तर त्याही पुढं गेलो. दादाकडं एक गुंठा मागितला. दादा भला माणूस. त्यानं पॉवर टिलर काढला, कोथिंबिरीच्या शेजारी वाफा करून दिला, मी पुदिना लावला, तो माजला. दोन महिन्यांनी कोथिंबीर निघाल्यावर दादानं त्याच टिलरनं, पुदिन्याच्या कडेवरून, पुढच्या कोथिंबिरीसाठी रान केलं. टिलरच्या दात्यांना अडकून मुळकांड्या अख्ख्या रानभर हिंडल्या. आईनं दोन तासांत जे केलं होतं, ते यंत्रानं दहा मिनिटांत केलं.

कोथिंबीर उगवली तशी तिच्यात तोही उगवला. मजुरांनी उपटताना मूठ भरली की चार काड्या त्याच्याही येत. लिलावाला दादाबरोबर मी गेलो होतो. संध्याकाळची वेळ, कोथिंबिरीच्या जुड्यांचे ढीग, शेकड्यावर बोली. व्यापारी आमच्या ढिगाशी आला, एक जुडी उचलून झटकली आणि थबकला. नाकाशी नेली. (ही हुंगणारी माणसं पुण्याचीच असतात असं नाही, हे तिथं कळलं.)

"दादा," तो म्हणाला, "तुमच्या कोथिंबिरीनं दात घासलेत काय?"

अख्खा लिलाव हसला. शेकड्यामागं दोनशे रुपये कमी बसले. येताना पिकअपमध्ये दादा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तू कंपनीत काय करत होतास नक्की?"

"स्टोअर."

"हां. म्हणजे वस्तू ज्या जागी ठेवली तिथंच राहते, अशी तुला सवय."

पुदिना संपवायचा तर खाऊनच, असं मग बायकोनं ठरवलं. पराठे झाले, भात झाला, ताक झालं, चहा झाला. आई पोट बिघडलं की अमृतधारेचे थेंब घेते. तिला पुदिन्याचा अर्क देऊ केला तर तिनं बाटली खाली ठेवायच्या आधीच "मला बरं वाटतंय" म्हणून सांगितलं. पण कळस झाला दादाचे व्याही आले त्या दिवशी.

व्याह्यांना आमच्याकडे मासवडीच करतात. ज्यांना ही माहीत नाही अशा परगावच्या वाचकांनी नावावर जाऊ नये. तिच्यात मासा नसतो. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, आत तीळ, खोबरं, लसूण, कोथिंबिरीचं सारण भरून गुंडाळी करायची, वड्या पाडायच्या आणि झणझणीत काळ्या रश्शात बुडवून खायच्या. सारणातली कोथिंबीर हा जुन्नर-आंबेगावात धर्माचा भाग आहे. त्या दिवशी घरातली सगळी कोथिंबीर दादा लिलावाला घेऊन गेला होता. (दात घासलेलीच, आता कमी दरानं.) बायकोनं सारणात पुदिना घातला. बेतानं नाही, अख्खा वाफाच.

व्याह्यांनी पहिली वडी रश्शात बुडवून तोंडात टाकली. चेहरा लाल झाला, मग थांबला. त्यांनी हळूच ओठांवरून जीभ फिरवली.

"मासवडी गार झाली का?" वहिनीनं काळजीनं विचारलं.

"नाही, नाही. गरम आहे," व्याही म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "गरमच आहे. पण गार लागतीय."

नोबेलवाल्यांचे दोन्ही शोध त्यांच्या तोंडात एकाच वेळी लागत होते. रस्सा एका यंत्रणेला ओढत होता, सारण दुसरीला. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, पण दादानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं पूर्वी तो फक्त करपा पडलेल्या कांद्याकडे बघायचा. व्याही सज्जन. तीन वड्या खाल्ल्या आणि जाताना म्हणाले, "जेवल्याजेवल्या चूळ भरल्यासारखं वाटतंय." पिशवीत आम्ही त्यांना पुदिना दिला.

एवढं होऊनही तो मेला नसता. आईचं खुरपं, दादाचा टिलर, बायकोचा पराठा यांनी काही झालं नाही. तो मेला स्वच्छतेनं.

मार्चमध्ये गावात सांडपाण्याची मोहीम निघाली. घरोघरी शोषखड्डे. आमच्याही मोरीमागं खड्डा खणला, दगडगोटे भरले, पाइप सोडला, वर झाकण घातलं, फोटो काढला. न्हाणीचं पाणी दिसेनासं झालं. डास गेले, चिखल गेला, आणि त्याबरोबर वरचा ओलावाही गेला. पुदिन्याची मुळं काही खोल जाणारी नव्हेत. तो पसरला होता तो वरच्या वर, चार बोटांच्या आत. एप्रिलमध्ये पानं आखडली, मेमध्ये ते सगळं जाळं सुकल्या सुतळीसारखं वर पडलं. दादानं त्याच महिन्यात रान नांगरून उन्हात तापत टाकलं, तेव्हा तिथलाही आटोपला. अळूही वाळून गेला. ५५ वर्षांत पहिल्यांदा मोरी मोकळी दिसत होती. आई कट्ट्यावर बसून तिकडं बघायची आणि मला वाईट वाटायचं. पुदिन्याचं नाही, तिचं.

मृग बरसला आणि आठ दिवसांत मातीतून अळवाची गुंडाळलेली पानं काठीसारखी ताठ वर आली. कांदे खाली जिवंत होते. आईनं मला हाक मारून दाखवलं. "बघ," म्हणाली. एवढंच. मग थोड्या वेळानं, "तुझा कुठं दिसतोय का बघ."

मी खुरपं घेऊन सगळी मोरी चाळली. धुण्याचा दगड उचलून त्याच्याखाली बघितलं. ज्या सहा जणांना बेणं दिलं होतं त्यांच्याकडं गेलो; शोषखड्डे त्यांच्याकडेही झाले होते. एका ठिकाणी हिरवं काही दिसलं म्हणून हुंगलं, तर काँग्रेस गवत होतं.

आणि मुलगी सुट्टीला आली. तिला चटणी हवी होती.

मंचरच्या बाजारात आजी त्याच जागी होती. तेच पोतं, कडेला तेच ओलं फडकं. मी टोपी कपाळावर ओढली, जुडी उचलली, हुंगली नाही, देठ मोडून पाहिला.

"कितीला?"

"पंधरा." ती माझ्याकडं निरखून बघत होती. "कुठलं गाव?"

"मुंबई," मी म्हणालो.

"तरीच," आजी म्हणाली. तिनं जुडीवर मुळीसकट दोन काड्या जास्तीच्या ठेवल्या आणि आवाज जरा उतरवून सांगितलं, "ह्या लावा गॅलरीत. पुदिना काय, कुणालाबी येतो."